दोन रकाने

कौतोकेइनोच्या वर, पठारावर, जानेवारीत
दिवस म्हणजे आभाळाच्या कडेला
दोन-तीन तास निळसर उजेड.
तेवढ्यात आस्लात फावड्यानं खड्डा खणतो
आणि मी गुडघ्यांवर बसून
बर्फाच्या भिंतीत थर्मामीटर खुपसते.

माझ्याकडे तक्ता आहे. रकाने दोन:
सजीव, निर्जीव.
तिसरीच्या पुस्तकात होते तसेच.
तिथं झाड डावीकडे, दगड उजवीकडे,
आणि बाईंनी मुद्दाम विचारलं होतं, नदी कुठं?
अर्धा वर्ग चुकला होता. मीही.

वरचा थर वाऱ्यानं चोपलेला.
त्याखाली नोव्हेंबर, मऊ.
तळाशी जाड्या साखरेसारखे सुटे दाणे हवेत,
सेआङाश म्हणतात त्याला इथं,
रेनडिअरचा खूर त्यात सहज शिरतो.
आज तिथं काच आहे.

नाताळाआधी पाऊस पडला होता.
चार तास. बस.
मग उणे एकतीस.
फावडं टणकन् वाजतं,
आणि काचेखाली ते दिसतं:
फिकट, कुरळं, भुकेल्याला चिडवणारं.

"तुझ्या भाषेत काय म्हणतात याला?" राउद्ना विचारते.
वय एक्याऐंशी, गालात वाळक्या मांसाचा तुकडा.
दगडफूल, मी सांगते.
आमच्याकडे मसाल्यात घालतात, तेलावर परतून.
हे त्याच्या लांबच्या नात्यातलं.
"फोड करून सांग."
दगड. फूल.
ती इतकी हसते की कुत्रा उठून बसतो.
"मग तक्ता तुम्हीच मोडलाय की, आधीच!"

"आमचा एक शब्द घे. गुओह्तुन.
नुसता चारा नव्हे, नुसता बर्फ नव्हे.
बर्फातून चारा हाती लागण्याची गत.
लिही. कुठं लिहितेस?"

मी पेन्सिल चावते.
(पेनातली शाई इथं थिजते.)

पलीकडे कळप उकरतोय.
नाक खाली, हुंगणं, पुढे.
वास काचेच्या आत कोंडलेला.
कानाला दोन खाचा असलेली एक मादी
एकाच जागी सातव्यांदा उकरते,
खुराच्या कडेला लाल.
आस्लातनं गोळीपेंडीची पोती आणलीत,
पण पोटातले जंतू दगडफुलाला सरावलेले,
पेंड त्यांना परकी.
काल एक पाडस फुगून गेलं.

लेमिंगांची बर्फाखालची भुयारं थिजली,
म्हणून घुबड यंदा फिरकलं नाही,
म्हणून कोल्हा आमच्या मागं मागं.
चार तासांचा पाऊस
किती लांबवर चालत जातो!

बोटाच्या पेराएवढं वाढायला
याला पाच वर्षं लागतात, राउद्ना सांगते,
आणि मग भलतीकडेच वळते:
तिच्या आजीचा तंबू जिथं उभा राहायचा
ती जागा उन्हाळ्यात अजून ओळखू येते.
राख, लेंड्या, उष्टी हाडं.
तेवढंच वर्तुळ गर्द हिरवं,
भोवती सगळं करडं.
"आजीला जाऊन सत्तर वर्षं झाली.
माती अजून जेवतेय तिच्या हातचं."

हे मी कुठंच लिहीत नाही.

उजेड संपत आलाय.
आस्लात दक्षिणेकडे बोट करतो:
दोन दिवसांच्या वाटेवर पाइनचं जुनं रान,
फांद्यांना काळी दाढी लोंबते,
तीही याचीच भावकी.
झाड बर्फ अंगावर झेलतं,
खाली काच पातळ असेल. कदाचित.

"खड्डा बुजव," राउद्ना म्हणते,
"रात्री कुणाचा तरी पाय मोडायचा."
मी बर्फ परत ढकलते, थर सगळे उलटेपालटे,
नोव्हेंबर वर, पाऊस मध्येच कुठंतरी.

मग तक्त्याच्या तळाशी, शेऱ्याच्या जागी,
थरथरत्या अक्षरात लिहिते:
गुओह्तुन नाही.

आणि अक्षरं बरोबर आहेत का
ते तिला विचारते.